चप्पल घालून तत्कार

तुमच्या अंगावर असा एखादा चट्टा असेल की जिथं डास चावलेला कळत नाही, तर हे इथंच मिटून ठेवा आणि आधी दवाखान्यात जाऊन या. मी कुठं पळून जात नाही. आल्यावर निवांत वाचा. मला वेळेवर कोणी असं दटावलं नाही, म्हणून मी तुम्हाला दटावून राहिले.

आणखी एक. मला कुष्ठरोग झाला होता. 'मोठा आजार', 'चामडीचं काहीतरी' असलं मी लिहिणार नाही. आमच्या घरात कितीतरी दिवस त्याचं नाव कोणी घेतलं नाही, आणि त्या न घेण्याचाच मला जास्त त्रास झाला. आता मी पूर्ण बरी आहे. मुलींना नाच शिकवते.

चाळ घट्ट बांधल्यामुळं

आम्ही भंडाऱ्याचे. घरी हातमाग. बाबा विणायचे, माय कांड्यांवर सूत भरायची, आणि मी नि धाकटी मंगी कॉलेज-शाळेतून आलो की मायच्या हाताखाली. दिवसभर मागाची खटखट. नाचाचं वेड कुठून लागलं असं लोक विचारतात, तर मला वाटतं त्या खटखटीतूनच लागलं असेल. घरात दुसरं काही नव्हतं.

गावात एक गुरुजी कथ्थक शिकवायचे. मूळचे रायपूरकडचे, तबल्यावर बसून हिंदीतून रागावत शिकवायचे. बाबांनी मला त्यांच्याकडे पाठवलं याचं आळीत सगळ्यांना नवल वाटलं. मायला तर मुळीच आवडलं नाही. "पोरीनं पायात चाळ बांधून नाचाव काय? दंडारीत बी मानसंच नाचतेत लुगडं नेसून," ती म्हणायची. दंडार म्हणजे आमच्याकडचा गावातला नाच. त्यात बाईचं सोंगही पुरुषच घेतो. मायचं म्हणणं तिच्या परीनं बरोबर होतं, पण मी ऐकणारी नव्हते.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कॉलेजात होते. विद्यापीठाचं एक नृत्यपथक असायचं, ते दरवर्षी दुसऱ्या राज्यात महोत्सवाला जायचं, आणि त्याची निवड नागपुरात व्हायची. गावोगावच्या कॉलेजांतून मुली यायच्या. आमच्या कॉलेजातून त्या पथकात आजवर कोणी गेलं नव्हतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की जेवताना ताटावर बोटं चालायची आणि माय हातावर चापट मारायची.

त्याच सुमारास डाव्या पोटरीपासून पावलाच्या कडेपर्यंत पाय बधिर राहायला लागला. पोटरीवर एक फिकट चट्टाही होता. मी गुरुजींना सांगितलं, "चाळ सोडल्यावरही पाय झोपल्यासारखा राहतो."

"कस के बाँधती है, और क्या," गुरुजी म्हणाले. "ढीली बाँध."

वर्गातल्या दोघी म्हणाल्या, आमचाही होतो गं. खरंच होतो. घुंगरांचं एवढं वजन पोटरीवर आवळून बांधलं की कोणाचाही पाय बधिरतो. मी चाळ सैल बांधायला लागले. चट्ट्यालाही उत्तर तयार होतं: चाळांखालची पट्टी घासते. मी पट्टी बदलली, खोबरेल लावलं. नाचणाऱ्याच्या पायात हा रोग असा आरामात राहू शकतो, हे आता कळतं.

अळता

निवडीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पायांना अळता लावला होता. लाकडी स्टेज, समोर टेबलामागं तिघं परीक्षक. त्यांतल्या एक बाई पिकल्या केसांच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या. त्या एकदाही हसल्या नाहीत. मुली त्यांनाच घाबरत होत्या.

माझं नाव आलं. मी स्टेजला हात लावून नमस्कार केला आणि सुरू केलं. आमद, तुकडे, मग तत्कार, म्हणजे नुसत्या पायांचं काम. द्रुत लयीत तबलजीनं जरा जास्तच पळवलं, पण मी सोडलं नाही. शेवटच्या समेवर थांबले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती.

बाई म्हणाल्या, "अळता वाळू दिला नाहीस का? सगळं स्टेज रंगवलंस."

मी खाली पाहिलं. जिथं जिथं डावा पाय पडला होता तिथं तिथं लाल ठसा. मलाही तो अळताच वाटला. "माफ करा, घाईत लावला," मी म्हणाले आणि पाऊल पुसायला उचललं, तर तळव्यात खिळा. कुठल्या तरी जुन्या पडद्याचा असेल, डोक्यापर्यंत आत गेलेला. बाजूच्या मुलींनी डोळे मिटून घेतले. मी बोटांनी धरला आणि ओढून काढला.

माझी निवड झाली. खिळा रुतला तरी सम चुकली नाही म्हणून टाळ्या पडल्या. तबलजीनं उठून कौतुक केलं. गुरुजींनी भंडाऱ्यात पेढे वाटले. मला स्वतःला वाटलं की ही साधना आहे, आता मी दुखण्याच्या पलीकडे गेले आहे. काय सांगू तुम्हाला, आयुष्यात इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

कापूस

जखम चिघळली. पाय सुजला. दुखत मात्र नव्हता, म्हणून मी तालमीला जातच होते. शेवटी वास यायला लागला तेव्हा बाबा आणि मंगी मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होता. तो जखम दाबून साफ करत होता आणि मी मंगीला पथकातल्या मुलींची नक्कल करून दाखवत होते. तो थांबला.

"दुखत नाही तुम्हाला?"

"नाही. सवय आहे."

त्यानं जखमेकडं नाही, पोटरीकडं पाहिलं. मग कापसाचा बारीक धागा ओढून घेतला आणि म्हणाला, "डोळे मिटा. हा कापूस जिथं लागेल तिथं बोट ठेवा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. बराच वेळ झाला तरी त्यानं सुरू केलं नाही, म्हणून मी विचारलं, "लावताय ना?"

डोळे उघडले तर मंगी रडत होती.

डॉक्टर आधी कुष्ठरोग म्हणाला. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, म्हणून मग महारोग म्हणाला. तेव्हा बाबा बाकावर बसले. डॉक्टर समजावत होता की गोळ्या आहेत, बरा होतो, घरात राहून बरा होतो, मागावर हात लावला तरी चालतं. बाबा नुसते मान हलवत होते.

"नाचणं?" मी विचारलं.

"आत्ता नाही."

"महोत्सव पुढच्या महिन्यात आहे."

"आत्ता नाही, ताई," तो पुन्हा म्हणाला, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

रस्त्यात बाबा एकच वाक्य बोलले. "कोनाले सांगू नोका. शेटनं आयकलं तं आपल्या मागावरचं एक लुगडं उचलनार नाई थो."

चिंधी

दुसऱ्या दिवशी बाबा कॉलेजात गेले आणि पोरीचं लग्न जुळलं म्हणून सांगून आले. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली.

मग मैत्रिणी घरी आल्या, अभिनंदन करायला. माय त्यांना चहा देत होती आणि नवरदेव बालाघाटकडचे आहेत, शेती हाये, म्हणून सांगत होती. मी आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडले होते. माय इतकं नीट खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. त्या गेल्यावर ती मागाजवळ जाऊन बसली आणि कांड्या भरत राहिली.

मायनं माझं ताट वेगळं केलं. पितळेच्या एका गिलासाला लाल चिंधी बांधली, म्हणजे तो कोणता ते कळावं. मंगीचं अंथरूण दुसऱ्या खोलीत नेलं. एक दिवस मंगीनं मायच्या समोर तो गिलास उचलला, पाणी प्याली आणि जागेवर ठेवला. मायनं मंगीला ओढून चूळ भरायला लावली तेवढं.

तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर एवढं ऐका. गोळ्या चालू असलेल्या माणसाचं भांडं वेगळं करायची गरज नसते. मला मायचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या चिंधीचा राग मला अजून येतो. माय घाबरली होती, मंगीचं लग्न व्हायचं होतं, सगळं कळतं. कळून राग जात नाही.

पंजा

त्यानंतर एका सकाळी डावा पंजाच उठेना. पाऊल टाकलं की पंजा जमिनीवर फटकन आपटायचा. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं लगेच दूरच्या एका कुष्ठरोग रुग्णालयात पाठवलं. त्या दिवशी मी खरी घाबरले. तोवर मनात कुठंतरी होतं की जखम भरली की तालीम.

तिथं मी कित्येक महिने राहिले. सकाळी घमेल्यात पाणी घेऊन पाय बुडवून बसायचं. मग घट्टे घासायचे, तेल लावायचं. मग पंजा उचलून धरणारा पट्टा बांधून चालायचं. आणि संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी ओळीनं बसून आपापले तळवे पाहायचे, कुठं लाल झालंय का, कुठं काही रुतलंय का. ज्याला दुखत नाही त्याला डोळ्यांनी पाहावं लागतं. पहिले काही दिवस मला त्याची किळस यायची. नंतर ते तोंड धुण्यासारखं झालं.

शेजारच्या खाटेवर एकोडीच्या कौसल्याबाई होत्या. घरची धानाची शेती. बोटं आखडलेली, तोंड मात्र मोकळं. मी आरशात तळवा पाहत बसले की म्हणायच्या, "पाहून राहिली आपल्या पायाले नवरीवानी." त्यांचा नवरा भेटायला यायचा तेव्हा डब्यात पोहे आणायचा, आणि दोघं एकाच डब्यातून खायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं.

पंज्याचे व्यायाम घेणारे एक दादा होते. ते म्हणायचे, उचला. मी म्हणायची, उचलत नाही. ते म्हणायचे, मनात उचला. मी मनात तत्कार म्हणायला लागले. ता थेई थेई तत्. रोज तेच. पाय खाटेवर मेल्यासारखा, आणि मी मनात नाचून राहिले. वेड लागेल असं वाटायचं. पंजा नाही उठला तर पुढं काय, हा विचार मी करत नव्हते असं नाही. करत होते, आणि करून करून थकत होते.

मग एक दिवस अंगठा हलला. मला कळलाच नाही. कौसल्याबाईंनी पाहिला.

"हालला वं बाई," त्या म्हणाल्या. "तुह्या अंगठा हालला."

माय भेटायला आली ती दिवाळीनंतर. आधी दारातच उभी राहिली, पदर तोंडावर घेऊन. सिस्टर कामात होत्या. त्यांनी मायकडं न पाहताच तिच्या हातात तेलाची वाटी दिली आणि म्हणाल्या, आलाच आहात तर पोरीचा पाय चोळा. माय वाटी घेऊन तशीच उभी. मग खाली बसली आणि माझा पाय मांडीवर घेतला. तिनं मला हात लावून वर्ष होत आलं होतं.

"हे कवापासून दुखत नाई तुले?"

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मले काहून नाई सांगतलं?"

"मलाच माहीत नव्हतं, माय."

ती रडायला लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पायावर पडत होतं ते मला दिसत होतं, लागत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं नाही. घरी परत गेले तेव्हा गिलासाची चिंधी सोडलेली होती.

धो के ला

रुग्णालयातून निघताना चप्पल मिळाली. मऊ काळ्या रबराचा तळ, एकही खिळा नाही, टाचेमागं पट्टा. आमच्या भागात ती चप्पल पोरंसोरंही ओळखायची. ती पायात असली की माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

"अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही," मोठे डॉक्टर म्हणाले.

"आणि नाच?"

त्यांनी विचार केला. "चप्पल घालून. थोडा थोडा. आणि रोज तळवा पाहून."

त्यांना नाचातलं काही माहीत नव्हतं, म्हणून इतक्या सहज म्हणाले. आमच्यात चप्पल बाहेर ठेवतात, जमिनीला हात लावतात, मग पाय ठेवतात. देवळात जावं तसं. मी गुरुजींच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. लग्नाचं खोटं होतं तेही. गुरुजी उठून आले, चप्पल मागून घेतली, तळ वाकवून पाहिला, पट्टा ओढून पाहिला.

"धो के ला," म्हणाले.

तेव्हापासून एक जोड रस्त्याला आणि एक जोड फक्त नाचाला. रबरावर तत्काराचा आवाज येत नाही. नुसती थपथप, वर घुंगरांचा आवाज तेवढा. डाव्या पायाला जमीन कळत नाही, त्यामुळं तो पडला की नाही हे कानांनी ऐकावं लागतं. मी पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकले. गुरुजी पुन्हा रागवायला लागले, आणि मला बरं वाटलं.

पुन्हा नागपूर

कॉलेजचं शेवटचं वर्ष उरलं होतं, म्हणजे पथकाची शेवटची संधी. मी नाव दिलं.

घरात आठवडाभर अबोला. बाबा म्हणाले, "आपन लग्न सांगतलं होतं तिकडं. आता काय तोंड दाखवाचं?" मंगीनं वेगळाच मार्ग काढला. "पाचक मिनटं तं नाचाचं हाये, ताई. उघड्या पायानं नाच. कोनाले मालूम पडते?"

ती बरोबर बोलत होती. गोळ्यांनी रोग आटोक्यात होता, माझ्यापासून कोणाला धोका नव्हता. पाच मिनिटं अनवाणी नाचले असते तर कोणाला काही कळलं नसतं. मी दोन दिवस त्यावर विचार केला. पण पथकात गेल्यावर रोजच्या तालमी असतात, आणि मला उरलेला पाय ठेवायचा होता. शिवाय मला लपायचा कंटाळा आला होता.

निघायच्या दिवशी माय तयार होऊन बसलेली. "मी येतो तुह्यासंगं," म्हणाली. बाबा पाहतच राहिले.

हॉलमध्ये जुन्या ओळखीची एक मुलगी भेटली. "अगं, तुझं लग्न झालं ना?"

"नाही," मी म्हणाले. "कुष्ठरोग झाला होता."

बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना जागा झाली. मी आपली पट्टे घट्ट करत बसले.

परीक्षकांत त्याच बाई होत्या, पांढऱ्या पातळातल्या. मी स्टेजवर गेले तेव्हा त्यांच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चप्पल काढून ये."

"काढता येत नाही," मी म्हणाले, आणि का ते सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं.

गृहस्थ बाईंकडं झुकले. हळू बोलत होते, तरी ऐकू आलं. "पथकात फेराचा नाच आहे. बाकीच्या मुलींना हिचा हात धरावा लागेल."

"आधी नाचू द्या," बाई म्हणाल्या. "हाताचं नंतर पाहू."

मी नाचले. आमद चांगली गेली. तुकडे चांगले गेले. द्रुत तत्काराला तबलजीनं लय चढवली आणि मी कान लावून डाव्या पायाच्या मागं धावत राहिले. सम गाठली. टाळ्या पडल्या नाहीत.

निकालानंतर बाईंनी मला टेबलाजवळ बोलावलं. "तुला घेत नाही आहे."

"चप्पल घातली म्हणून?"

"नाही."

"मग रोगामुळं?"

"द्रुतमध्ये डावा पाय मागं पडतो," त्या म्हणाल्या. बोटांनी टेबलावर ठेका धरून त्यांनी मला दाखवलं, उजवा कुठं पडतोय, डावा कुठं पडतोय. "मग तू उजव्यानं घाई करून सम गाठतेस. एकटीला खपेल. पथकात खपत नाही."

मी विचारलं, "किती मागं पडतो?" त्यांनी पुन्हा दाखवलं.

मी बाहेर आले. बाई खरं बोलल्या की माझं मन राखायला बोलल्या, हे मला कळत नव्हतं. इतक्या महिन्यांत लोक माझ्याशी एक तर दूर सरून बोलले होते किंवा कीव करून. खरं असेल तर मला नाचणारी म्हणून नाकारलं होतं. खोटं असेल तर तीच जुनी गोष्ट, फक्त जरा सभ्य भाषेत. मला ते जाणून घ्यायचं होतं, आणि विचारावं असं कोणी नव्हतं.

माय व्हरांड्यात खिडकीजवळ उभी होती. मला पाहताच तिनं विचारलं, "घेतलं?"

"नाही."

तिनं पदर खोचला. आत जाऊन भांडायला निघाल्यासारखी. "रोगापायी?"

"नाही म्हणतात. डावा पाय मागं पडतो म्हणे."

माय थांबली. खोचलेला पदर तिनं सोडला.

"पडते नं," ती म्हणाली. "मी खिडकीतून पाहून राहिली होती. शेवटी शेवटी पडतेच थो मांगं."